हळद कोणत्या पट्टीत गाते?

वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच वर्षी ते मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्यालाही मिळालं. सरकारदरबारी दोघांच्या फायली वेगळ्या असतील, पण आपल्याला कोण अडवतंय? हळद घ्या, तंबोरा घ्या, मध्ये एक कॉम्प्युटर ठेवा आणि हळदीला गायला बसवा.

थट्टा नाही. रेणूची रचना कॉम्प्युटरला द्यायची आणि तिच्यातून सूर काढायचे, हा उद्योग जगात गेली चाळीसेक वर्षं चाललाय. कुणी निव्वळ हौसेपोटी करतं, कुणी विज्ञान कानाने शिकवायला, तर कुणी चक्क नवी प्रथिनं घडवायला. आपण सुरुवात मोंढ्यातल्या हळदीपासून करू.

चाळीस सप्तकं खाली

हळदीला पिवळेपणा देणारा रेणू म्हणजे कर्क्युमिन. फोगेल आणि पेलेतिये या दोघांनी तो १८१५ मध्ये हळदीतून वेगळा काढला. त्याची रचना कळायला मात्र १९१० साल उजाडलं. मिलोबेंड्स्का, कोस्टानेत्स्की आणि लाम्पे या त्रिकुटाने ती ठरवली. एका रेणूत कार्बनचे २१ अणू, हायड्रोजनचे २० आणि ऑक्सिजनचे ६.

हा रेणू निळा-जांभळा प्रकाश गिळतो, म्हणून उरलेला प्रकाश आपल्याला पिवळा दिसतो. जो प्रकाश तो सर्वांत आवडीने गिळतो, त्याची तरंगलांबी साधारण ४२५ नॅनोमीटर. म्हणजे सेकंदाला सुमारे ७०५ लाख कोटी कंपनं. आपला कान २० हजारांच्या वर काही ऐकत नाही. मग काय करायचं? निम्मं करायचं. कंपनसंख्या निम्मी केली की सूर तोच राहतो, फक्त एक सप्तक खाली येतो. असं ४० वेळा निम्मं केलं की हाती येतात ६४१ हर्ट्झ. हा झाला हळदीचा ऐकू येणारा सूर.

आता पेटी काढा आणि तो वाजवून दाखवा. नाही वाजणार. काळी दोन आणि पांढरी तीन यांच्या बरोबर मधल्या फटीत तो बसलाय. काळी दोन दाबली तर कमी पडते, पांढरी तीन दाबली तर चढते.

पेटीतल्या या फटीवरून महाराष्ट्रात बरंच रामायण झालेलं आहे. गंमत म्हणजे ते सुरू केलं हळदीच्याच दुसऱ्या गावाने, सांगलीने. तिथले निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये २२ श्रुतींवर, म्हणजे सप्तकातल्या बारीक सूर-अंतरांवर, पुस्तक लिहिलं. क्लेमेंट्स या आय.सी.एस. अधिकाऱ्यासोबत त्यांनी श्रुतींची पेटीही बनवून घेतली आणि सूर तपासायला उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा वापरला. पुढे आकाशवाणीने १९४० पासून तीन दशकं पेटीला दारातच उभं केलं. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओकांनी २२ श्रुतींची पेटी घडवली. ओक शिक्षणाने औषधशास्त्राचे एम.डी., म्हणजे रेणू आणि श्रुती दोन्ही घरातलेच. मिरज, सांगली, ठाणे सगळीकडे या विषयावर कडाक्याचे वाद झालेत. त्यात वसमतकरांनी आता हळदीची तेविसावी श्रुती मागू नये, एवढीच विनंती.

पूर्वी थाटाची हळद

एका सुराने गाणं होत नाही, हे खरं. पण रेणू एकाच सुरावर थांबतही नाही. त्याच्यातले बंध सतत ताणले जातात, वाकतात, वळतात, आणि प्रत्येकाची कंपनसंख्या ठरलेली असते. अवरक्त प्रकाश टाकून ती मोजता येते. रसायनाच्या प्रयोगशाळेतलं हे रोजचं काम. १९९० च्या सुमारास सुझन अलेक्सजांडर ही संगीतकार आणि डेव्हिड डीमर हा जीवशास्त्रज्ञ यांनी डीएनएच्या चार घटकांची अशी कंपनं मोजून ती ऐकू येण्याइतकी खाली आणली आणि ‘सिक्वेन्शिया’ नावाचा अल्बम काढला. तीच युक्ती कर्क्युमिनला लावून बघू.

त्याची ठळक कंपनं दर सेंटिमीटरला साधारण १०२६, १२८१, १४२७, १५०८, १६०२ आणि १६२८ लहरी या जागांवर दिसतात. नमुन्यागणिक आकडे दोन-चारांनी मागेपुढे होतात, तेवढं चालवून घ्या. या सगळ्यांना ३७ सप्तकं खाली उतरवलं की मिळतात २२४, २७९, ३११, ३२९, ३४९ आणि ३५५ हर्ट्झ.

सर्वांत खालच्या २२४ ला षड्ज म्हणू. ही पट्टी पांढरी सहाच्या किंचित वरची, पुष्कळ गायिकांच्या गळ्याला सोयीची. आता बाकीचे सूर या षड्जावर तोलून बघा. २७९ म्हणजे शुद्ध गंधार, आणि तोही पेटीतला चढा नव्हे, तर जुळलेल्या तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार, अगदी केसभर कमी. ३११ हा तीव्र मध्यम, थोडा उतरलेला. ३२९ वर पंचम आहे, पण एका पट्टीच्या तिसऱ्या हिश्श्याने पडलेला. मैफलीत असा पंचम लागला तर मागे बसलेला शिष्य कोपर मारेल. राहिले ३४९ आणि ३५५. दोन्ही कोमल धैवताच्या अंगणातले, एकमेकांना चिकटून. दोन्ही एकदम वाजवले तर सेकंदाला पाच-सहा विस्पंद ऐकू येतात, म्हणजे आवाज थरथरत वाढतो आणि कमी होतो. हे मला फारच आवडलं. प्रयोगशाळेच्या आलेखात हे दोन काटे शेजारी शेजारी नुसते उभे दिसतात. कानाला मात्र त्यांचं भांडण लगेच कळतं.

शुद्ध गंधार, तीव्र मध्यम, पंचम, कोमल धैवत. पंडित भातखंड्यांच्या दहा थाटांमध्ये हे चारही एकत्र बसतात असा थाट एकच, पूर्वी. पूरिया धनाश्री, श्री, पूर्वी या संध्याकाळच्या रागांचं हे घर. इतकंच काय, मघाचा तो ६४१ चा फटीतला सूरही या षड्जावर तार सप्तकातल्या तीव्र मध्यमाच्या जरासा वर पडतो.

वाचून कुणाच्या अंगावर काटा आला असेल तर त्याने तो खाली बसवावा. रिषभ आणि निषाद मला मिळालेच नाहीत. ३५१० च्या आसपास कर्क्युमिनचं आणखी एक जोरदार कंपन आहे, ते शुद्ध धैवताजवळ पडतं आणि पूर्वीचा पार विचका करतं. आणि मुख्य म्हणजे २२४ ला षड्ज मी म्हटलं, हळदीने नाही. २७९ ला षड्ज मानलं असतं तर सगळी मांडणी बदलली असती आणि मी तुम्हाला दुसऱ्याच कुठल्या रागाची थाप मारली असती. ‘आमचा रेणू अमुक राग गातो’ असं कुणी छातीठोक सांगू लागलं, तर पहिला प्रश्न हाच विचारायचा: षड्ज कुणी ठरवला?

सात कार्बनांचा पूल

कंपनं बाजूला ठेवून नुसत्या रचनेवरूनही गाणं बांधता येतं. बहुतेक प्रोग्राम तेच करतात. रेणूची रचना कॉम्प्युटरला सांगायला ‘स्माइल्स’ नावाची एक लिपी आहे. १९८० च्या दशकात डेव्हिड वाइनिंगर यांनी ती तयार केली. अख्खा रेणू एका ओळीत मावतो: अक्षरं म्हणजे अणू, कंसात फांद्या, आकडा आला की कडं जुळलं. प्रोग्राम ही ओळ डावीकडून वाचत जातो आणि अणूला सूर, बंधाला लय देत जातो.

कर्क्युमिनसारखा रेणू या कामाला शोधून सापडणार नाही. दोन टोकांना दोन अगदी सारखी कडी आणि त्यांना जोडणारा कार्बनचा पूल. पुलावर कार्बन किती? सात! त्यांना सा रे ग म प ध नी अशी नावं देऊन टाका. सा-रे मध्ये दुहेरी बंध, ध-नी मध्ये दुहेरी बंध. तिथे दुगुण घ्या. ऑक्सिजन बसलेत ग वर आणि प वर. मधला म मोकळा. नी कडून सा कडे उलटं आलात तरी बांधणी तीच, आरोह-अवरोहात काही फरक नाही.

हा मधला म मात्र गप्प बसणारा नाही. त्याच्यावरचा एक हायड्रोजन उठतो आणि ग-प वरच्या दोन ऑक्सिजनांच्या मध्ये जाऊन बसतो. रसायनाची पुस्तकं याला कीटो रूप आणि इनॉल रूप म्हणतात. गाणाऱ्याने इथे मींड घ्यावी.

तबला आणि रेणू, एकाच माणसाकडे

सर चंद्रशेखर वेंकट रामन यांना नोबेल मिळालं १९३० मध्ये, रेणूंवर आदळून विखुरणाऱ्या प्रकाशाच्या शोधासाठी. त्या विखुरलेल्या प्रकाशात रेणूच्या कंपनांचा ठसा असतो, म्हणूनच आज औषधापासून रंगापर्यंत काहीही ओळखायला रामन वर्णपट काढतात. पण त्याआधी, १९२० मध्ये, याच रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासोबत ‘नेचर’मध्ये लिहिलं होतं ते तबला-मृदंगावर. साध्या ढोलाची उपकंपनं बेसूर असतात. तबल्याच्या मधोमध शाई लावली की ती सुरात येतात आणि म्हणूनच तबला षड्जाला मिळवता येतो, हे त्यांनी दाखवून दिलं. कातड्याची कंपनं मोजणारा माणूस पुढे रेणूंच्या कंपनांपर्यंत पोचला. शाळेत २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन साजरा करताना भाषणं खूप होतात. एखादा तबला ठेवायला काय हरकत आहे?

तसं आपल्याकडे, वसमतच्याच हिंगोली जिल्ह्यात, संत नामदेवांच्या कीर्तनाने औंढ्याच्या नागनाथाचं अख्खं देऊळ फिरल्याची कथा आहे. त्या मानाने रेणू म्हणजे किरकोळ काम.

आजाराचा ठेका

आता जरा बाहेर जाऊ. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत रिए ताकाहाशी आणि जेफ्री मिलर यांनी २००७ मध्ये प्रथिनांना पाश्चात्त्य संगीतात बसवायचा प्रोग्राम प्रसिद्ध केला. रिए तेव्हा पदवीची विद्यार्थिनी होती आणि पियानोही वाजवायची. प्रथिन म्हणजे २० प्रकारच्या अमिनो आम्लांची माळ. एकेकाला एकेक सूर दिला की पसारा अडीच सप्तकांपलीकडे जातो आणि चाल नुसत्या उड्या मारत राहते, कान ती धरूच शकत नाही. मग त्यांनी स्वभावाने जवळच्या अमिनो आम्लांच्या जोड्या लावल्या. जोडीतल्या दोघांचा मूळ सूर एक, फक्त स्वरमेळाची मांडणी वेगळी. वीस सुरांचे तेरा झाले आणि चाल माणसाळली. कुठला सूर किती लांबवायचा, हेही जनुकातल्या अक्षरांवरूनच ठरवलं.

मग त्यांनी हंटिंग्टिन नावाचं प्रथिन वाजवलं. हंटिंग्टन या मेंदूच्या आजारात या प्रथिनात ग्लुटामिन हे एकच अमिनो आम्ल ओळीने फार वेळा येतं. निरोगी माणसातही ते ओळीने येतं, पण ओळीतली संख्या साधारण चाळीसच्या पुढे गेली की आजार ठरलेला. प्रोग्राममधून ऐकताना चाल नीट चाललेली असते आणि अचानक तोच सूर, तोच सूर, तोच सूर. जीवशास्त्राची पायरीही न चढलेल्या माणसाला इथे काहीतरी बिघडलंय हे कळतं. आकड्यांच्या तक्त्यात हे शोधायला बोट ठेवून मोजत बसावं लागतं. असा उपयोग दिसला की हे सगळं म्हणजे रिकाम्या लोकांचा खेळ, असं म्हणणारे जरा गप्प होतात. त्यांनी खेळ म्हटलं तरी माझी तक्रार नाही म्हणा.

एम.आय.टी.चे मार्कुस ब्युलर आणखी पुढे गेले. त्यांनी वीस अमिनो आम्लांची कंपनं कॉम्प्युटरवर गणिताने काढली आणि प्रत्येकाला स्वतःचा आवाज दिला. २०१९ मध्ये त्यांच्या गटाने फोनवर प्रथिनं वाजवायचं अ‍ॅप काढलं आणि कृत्रिम बुद्धिमत्तेकडून उलटाही प्रवास करून घेतला: तिला प्रथिनांचं संगीत ऐकवायचं, तिने त्याच घराण्यातली नवी चाल बांधायची आणि त्या चालीवरून नवं प्रथिन लिहायचं. २०२० मध्ये सगळं जग घरात कोंडलेलं असताना ब्युलरनी करोना विषाणूच्या काट्याच्या प्रथिनाची रचना ऐकवली. दीड तासाहून लांब. ऐकणारे चक्रावले, कारण ती कानाला चक्क गोड लागत होती. इतक्या खुनशी प्राण्याला इतका मऊ आवाज! पण पुन्हा तोच प्रश्न: वाद्य कुणी निवडलं?

जाता जाता

सुसुमू ओहनो हे जनुकशास्त्रज्ञ. जनुकांमध्ये ठरावीक तुकडे पुन्हा पुन्हा येतात आणि गाण्यातही तेच होतं, असं त्यांनी आणि पत्नी मिदोरी यांनी १९८६ मध्ये मांडलं. जनुकाचं गाणं करून झाल्यावर ओहनोंनी शोपँचं संगीत डीएनएच्या भाषेत उतरवूनही पाहिलं. अस्ताई-अंतरा करून पुन्हा मुखड्यावर येणाऱ्या आपल्या मंडळींना यात नवल वाटू नये.

लंडनच्या जॉन न्यूलँड्सना मूलद्रव्यं वजनाने ओळीत लावल्यावर दर आठवं मूलद्रव्य पहिल्यासारखं वागताना दिसलं. त्यांनी त्याला सप्तकाचाच नियम म्हटलं आणि १८६६ मध्ये केमिकल सोसायटीसमोर ठेवलं. सभेत एका विद्वानाने विचारलं, मूलद्रव्यं वर्णानुक्रमाने लावून पाहिलीत का? हशा पिकला. मेंडेलीव्हची सारणी जगाने मान्य केल्यावर, १८८७ मध्ये, न्यूलँड्सना डेव्ही पदक मिळालं.

अमेरिकेत इंडियाना विद्यापीठाच्या वॉकर स्मिथ या विद्यार्थ्याने २०२३ मध्ये अख्खी आवर्त सारणीच वाजती केली. प्रत्येक मूलद्रव्य तापल्यावर ठरावीक रंगांचा प्रकाश टाकतं. त्या सगळ्या रंगांचे सूर केले. झिंक त्याला देवदूतांच्या वृंदगानासारखं वाटलं.

हळकुंडाचा खरा आवाज

मोंढ्यात हळदीचा एक आवाज कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीपासून ऐकला जातो. शिजवलेली हळद नीट वाळली की हळकुंड मोडताना धातूसारखा खणखणीत आवाज येतो. ओल राहिली असेल तर ते लवतं, मोडताना आवाज बसका निघतो. खरेदीदार पोत्यातून हळकुंड उचलतो, कट्‌कन मोडतो, आतला रंग बघतो आणि मगच बीट बोलतो. मोडलेल्या जागी डोळा कर्क्युमिन बघतो, कान पाणी मोजतो. वसमतला हळद संशोधन केंद्र झालंय. तिथल्या कुणी हा आवाज रेकॉर्ड करून ओलाव्याच्या टक्क्यांशी त्याचा मेळ घातला, तर फोनवर चालणारी पारख तयार होईल, आणि तिला कुणी खेळ म्हणणार नाही.

घरी करून बघायचं असेल तर

खर्च काही नाही. रेणू वाचायला ‘आरडीकिट’ हा प्रोग्राम फुकट मिळतो, तो पायथनमध्ये चालतो. सूर वाजवायला १९८३ पासूनची मिडी पद्धत आहे. तिच्यात सुरांना ० ते १२७ असे क्रमांक असतात, ६० म्हणजे पियानोच्या मधली पांढरी एक. मिडीतही सप्तकाला बाराच पट्ट्या, म्हणजे मघाची फट इथेही आहेच. पण सूर वाकवायची सोय दिलेली आहे, ती वापरायची. नियम स्वतः ठरवा: कार्बनला षड्ज, ऑक्सिजनला पंचम, दुहेरी बंधाला दुगुण, कड्याला तिहाई. नियम लिहून ठेवा आणि मध्येच बदलू नका, नाहीतर रेणू बाजूला राहतो आणि तुमचीच चाल वाजते.

पहिला प्रयोग कुंकवावर करा. हळदीला चुना लागला की ती लाल होते. पांढऱ्या शर्टावरचा वरणाचा डाग साबणाने लाल होतो तोही याच कारणाने. कर्क्युमिनचे हायड्रोजन निघतात आणि तो जास्त लांब तरंगलांबीचा प्रकाश गिळू लागतो. लांबी वाढली की कंपनं कमी, म्हणजे हळदीचं कुंकू होताना सूर उतरतो.

दुसरा प्रयोग जुगलबंदीचा. नुसती हळद पोटात गेली तर कर्क्युमिन रक्तात फारसं उतरत नाही. १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी मिऱ्यातलं पायपरिन सोबत देऊन पाहिलं, तेव्हा माणसांत त्याचं शोषण कित्येक पटींनी वाढलं. तेव्हा दोन्ही रेणू एका प्रोग्रामला द्या, हळदीला तंबोऱ्यावर ठेवा आणि मिऱ्याला सतार द्या, तीसुद्धा मिरजेचीच.